भीती निवडून घ्यायची

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

मी तुमची बचत गटाची ताई बोलतेय. चुलीवर भाकरी असेल तर भाकरीकडं लक्ष असू द्या, फक्त कान इकडं द्या. आज हप्त्याचं, कर्जाचं, हिशेबाचं काही बोलायचं नाही. आज बोलायचं आहे आपल्या लेकरांच्या भीतीबद्दल.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? लेकरं भितात, मोठी झाली की भीती आपोआप जाते. पुष्कळदा तसंच होतं. पण कधी कधी एखादी भीती अचानक येते. कालपर्यंत अंगणात हुंदडणारं लेकरू आज दाराबाहेर पाय टाकत नाही. घरातल्यांना कळत नाही हे काय झालं, आणि लेकराला तर सांगताच येत नाही. त्यालाही ती भीती नवीनच असते. अशा वेळी आपण काय करायचं, यावर आज बोलू.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. भिणारं लेकरू भित्रं नसतं. सात-आठ महिन्यांचं बाळ परक्या माणसाकडं जात नाही, रडतं. का? कारण आता त्याला आपलं आणि परकं कळायला लागलं. दीड-दोन वर्षांचं लेकरू गिरणीच्या आवाजाला, कुकरच्या शिट्टीला दचकतं. तीन ते पाच वर्षांचं लेकरू अंधाराला भितं, भुताला भितं, कारण त्याला मनात चित्र रंगवता येतं, पण त्यातलं खरं कुठलं आणि खोटं कुठलं हे अजून वेगळं करता येत नाही. आणखी मोठं झालं की मरण, आजार, अपघात, आई-बाप नाहीसे होणं, असल्या गोष्टी मनात येतात. म्हणजे बघा, समज वाढते तशी भीतीही बदलते. भीती आली म्हणजे लेकरात काही खोट आहे असं नाही.

आता तुम्हाला आमच्या एका गटातल्या ताईच्या मुलीची गोष्ट सांगते. ताईला विचारूनच सांगतेय. मुलीचं खरं नाव घेत नाही, आपण तिला छकुली म्हणू. वय पाच वर्षं. अंगणवाडीत जाणारी, बोलकी पोर.

उन्हाळ्यात वळवाचा पाऊस झाला, तेव्हा त्यांच्या शिवारात लिंबाच्या झाडावर वीज पडली. झाडाखाली बांधलेली म्हैस जागीच गेली. माणसाला काही झालं नाही. सकाळी सगळं गाव बघायला गेलं, मोठ्या भावाचा हात धरून छकुलीही गेली. त्या दिवशी ती काही बोलली नाही. पण पुढं आभाळ काळं झालं की ती आईचा पदर धरायची आणि सोडायचीच नाही. पेरण्या झाल्या, सोयाबीनची खुरपणी आली. आता जून-जुलैत आभाळ रोजच येणार. आई कामाला निघाली की ही दारात आडवी पडायची. आईचे खाडे व्हायला लागले. मजुरी बुडायला लागली, हप्ता पुढं ढकलायची वेळ आली. आमच्या मासिक बैठकीत हा विषय आला तो हप्त्यामुळंच.

घरातल्यांनी काय काय केलं? काकानं ताट वाजवून चेष्टा केली, "आली बघ इज!" वडलांना वाटलं, पोरीला धीट करायला पाहिजे. त्यांनी तिला उचलून भर पावसात अंगणात नेलं, "बघ, होतं का काही?" त्या रात्री तिनं अंथरूण ओलं केलं. दोन वर्षांत असं झालं नव्हतं. आजीनं मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. आई रोज सांगायची, "काही होत नाही गं, घाबरू नकोस." यातलं कुणीही वाईट मनानं वागलं नाही. सगळ्यांचा जीव होता पोरीवर. पण औषध लागू पडेना, कारण दुखणं कुठं आहे ते कुणी विचारलंच नव्हतं.

बैठकीत आम्ही ठरवलं, आधी विचारू. अंगणवाडीच्या ताईंनी आईला सांगितलं, की पोरीला समोर बसवून पोलिसासारखं विचारू नका. हाताला काहीतरी काम असू द्या. मग एका संध्याकाळी, आभाळ निरभ्र असताना, आई गहू निवडत बसली. छकुलीलाही मूठभर गहू दिले. आणि सहज विचारलं, "वीज आली की मग काय होतं?"

छकुली म्हणाली, "इज तुला न्यायला येती."

आई चमकली. पण ओरडली नाही. हात चालू ठेवून म्हणाली, "मला कशाला नेईल?"

"तू पायाळू हाय ना. आजी म्हणली."

आता तुमच्यातल्या पुष्कळ जणींना उलगडा झाला असेल. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू, आणि पायाळूच्या अंगावर वीज पडते, असं आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या म्हणतात. म्हैस बघायला गर्दी जमली होती, तेव्हा आजी काळजीनं शेजारणीला म्हणाली होती, "आमची सून पायाळू, हिला जपायला पाहिजे." म्हातारीच्या मनात प्रेमच होतं. पण ते पोरीनं ऐकलं. तेव्हापासून ती स्वतःसाठी भीत नव्हती. ती आईला राखत होती. पदर धरून ठेवला तर वीज आईला नेणार नाही, असा तिचा हिशेब होता.

मैत्रिणींनो, म्हणून पहिलं काम हे, की विचारा. पण "का भितेस?" असं विचारू नका. का, हे लहान लेकराला सांगता येत नाही. आणि तो प्रश्न रागावल्यासारखा वाटतो. त्याऐवजी विचारा, "काय दिसतं? मग काय होतं? पोटात कसं होतं? छातीत धडधडतं का?" बोलायचं नसेल तर पाटीवर काढू द्या, मातीत रेघोट्या मारू द्या, बाहुलीला विचारा तिला कशाची भीती वाटते. आपण उत्तर तोंडात घालायचं नाही. "तुला भुताची भीती वाटते का गं?" असं विचारलं तर नसलेलं भूतही येऊन बसतं. एका दिवसात उत्तर मिळेल असंही नाही. भीतीच्या वेळी तर विचारूच नका. तेव्हा फक्त जवळ घ्या. विचारायचं ते सगळं शांत असताना.

दुसरं काम, भीतीला नाव द्या आणि ती मान्य करा. "आवाज मोठा झाला, तू दचकलीस. याला भीती म्हणतात. भीती वाटली की छाती धडधडते, हात गार पडतात. मोठ्या माणसांनाही असं होतं. थोड्या वेळानं ते कमी होतं." एवढं सांगितलं तरी लेकराला हायसं वाटतं. नाही तर त्याला वाटतं, हे फक्त मलाच होतंय, माझ्यातच काहीतरी बिघडलंय.

तिसरं काम महत्त्वाचं. आपण धान्य निवडतो ना, खडे वेगळे, दाणे वेगळे? तशी भीती निवडायची. लेकराच्या भीतीत बहुतेक वेळा थोडं खोटं असतं आणि थोडं खरं असतं. खोटं असेल ते काढून टाकायचं. खरं असेल ते मात्र नाकारायचं नाही. त्यावर काय करायचं ते लेकराला दाखवायचं.

छकुलीच्या भीतीत खडा कुठला होता? पायाळूचा. माणूस जन्मताना डोकं आधी आलं की पाय आधी आले, हे विजेला कळत नाही. वीज ढगात तयार होते आणि जमिनीकडं येताना बहुतेक वेळा उंच गोष्टीवर पडते. एकटं झाड, मनोरा, विजेचा खांब, मोकळ्या रानात उभा असलेला माणूस. मग तो पायाळू असो नाही तर नसो. हे आईनं छकुलीला सांगितलं, पण पोरीचं समाधान होईना. ती आजीकडं बघायची. कारण ती गोष्ट आजीच्या तोंडून आली होती. शेवटी आजीनंच नातीला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "मी माझ्या आजीकडून ऐकलं होतं ते. ते खरं नाही बाळा. इज पाय बघत नाही." भीती ज्याच्या शब्दानं बसली, त्याच्याच शब्दानं ती हलली. घरातल्या मोठ्या माणसाचं मन वळवायला वेळ लागतो, पण तेवढा वेळ द्यायला पाहिजे. त्या आजींनी तो मोठेपणा दाखवला, त्यांना माझा नमस्कार.

आणि दाणा कुठला? रानात काम करणाऱ्या माणसावर वीज पडते, हे खरं आहे. आपल्याकडं मृगाच्या आधीच्या वळवात आणि परतीच्या पावसात, सोयाबीन काढणीच्या दिवसांत, माणसं आणि जनावरं दगावतात. मेलेली म्हैस पोरीनं डोळ्यांनी बघितली होती. तिला "काही होत नाही" असं सांगितलं तर ती विश्वास कसा ठेवणार? उलट तिला वाटणार, आईला माहीतच नाही, म्हणजे मलाच राखायला पाहिजे.

म्हणून आईनं खोटा धीर दिला नाही. तिनं सांगितलं, "वीज झाडावर पडते, म्हणून मी झाडाखाली थांबणार नाही. गडगडलं की मी काम सोडून पक्क्या घरात जाणार. हे माझं वचन." आता नुसता शब्द देऊन भागत नाही, तो पाळावा लागतो. आणि मजुरीला गेलेली एकटी बाई काम सोडून कशी निघणार? तेव्हा खुरपणीच्या टोळीतल्या सगळ्या जणींनी मिळून ठरवलं, गडगडाट ऐकला की सगळ्यांनी एकदम निघायचं. शेताचा मालक पहिल्यांदा कुरकुरला. पण सगळ्या जणी एका शब्दावर राहिल्या म्हटल्यावर त्यालाही पटलं, आणि थांबलेला वेळ दुसऱ्या दिवशी भरून द्यायचा असं ठरलं. बघा, पाच वर्षांच्या पोरीच्या भीतीत जे खरं होतं, त्यानं मोठ्या बायकांचा जीव राखायची सोय केली.

विजेचा विषय निघालाच आहे, तर चार गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. लेकरांनाही सांगा.

एक, गडगडाट ऐकू आला म्हणजे आपण विजेच्या टप्प्यात आहोत. पाऊस सुरू व्हायची वाट बघू नका. पक्क्या घरात जा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर आणखी ३० मिनिटं बाहेर पडू नका.

दोन, झाडाखाली, विजेच्या खांबाजवळ, तारेच्या कुंपणाजवळ थांबू नका. विहिरीतून, तळ्यातून, पाणी साचलेल्या शेतातून बाहेर या. जनावरं झाडाला बांधू नका.

तीन, जवळ कुठंच आसरा नसेल तर पाय जुळवून उकिडवं बसा, डोकं गुडघ्यांत घ्या, कानांवर हात ठेवा. जमिनीवर आडवं पडू नका. सगळ्यांनी एकाच ठिकाणी गर्दी करू नका, अंतर ठेवून बसा. हा शेवटचा उपाय आहे. घर गाठता येत असेल तर घरच गाठा.

चार, वीज पडलेल्या माणसाला शिवू नये म्हणतात, ते खोटं आहे. त्याच्या अंगात वीज राहत नाही. लगेच मदत करा, १०८ नंबरला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवा. आणि ज्यांच्या घरात स्मार्टफोन आहे त्यांनी 'दामिनी' ॲप घ्या. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं ते तयार केलं आहे. आपल्या आसपास वीज पडायची शक्यता असली की ते आधी सावध करतं.

आता चौथं काम. समजावून सांगितलं म्हणजे भीती गेली, असं नसतं. डोक्याला पटतं, पण छातीची धडधड थांबायला वेळ लागतो. त्यासाठी बारीक बारीक पायऱ्या करायच्या. वासराला पहिल्याच दिवशी कुणी औताला जुंपत नाही.

छकुलीच्या घरी असं केलं. आधी घरातच खेळ मांडला. स्टीलच्या डब्यात मूठभर वाटाणे घालून हलवायचे, तो झाला गडगडाट. मोबाईलची बॅटरी लावायची, ती झाली वीज. आणि गडगडाट करायची छकुलीनं, दचकायचं दादानं. आवाज आपल्या हातात आला की त्याचा दरारा कमी होतो. मग लांब कुठंतरी गडगडलं की आजीच्या मांडीवर बसून घरातूनच ऐकायचं. हळूहळू दाराच्या जवळ, पण घराच्या आतच. कधी दोन पावलं मागं यावंसं वाटलं तर यायचं, त्याला हसायचं नाही.

आणि मोजायचं. वीज चमकली की मोजायला सुरुवात करायची, एक, दोन, तीन, गडगडाट ऐकू येईपर्यंत. उजेड लगेच दिसतो, आवाज मागून येतो. तीन मोजेपर्यंत आवाज आला तर वीज साधारण एक किलोमीटरवर, सहा मोजेपर्यंत आला तर दोन किलोमीटरवर. मनात सावकाश, घड्याळाच्या टिकटिकीसारखं मोजायचं. छकुलीला हे फार आवडलं. ती बोटं मोडत मोजायची आणि सगळ्यांना सांगायची, "लांब हाय." हे मोजणं घरात बसून करायचं, बरं का. आकडा मोठा आला म्हणून रानात थांबायचं नाही. पण नुसतं थरथरत बसण्यापेक्षा लेकराला हाताशी काहीतरी काम मिळतं.

अजूनही आभाळ गच्च झालं की छकुली आईला विचारते, "आज झाडाखाली थांबणार नाही ना?" आई म्हणते, "नाही." मग ती पदर सोडते. एवढं व्हायला दीड-दोन महिने गेले. म्हणून म्हणते, घाई करू नका.

तुमच्या लेकराची भीती विजेची नसेल. कुणाला कुत्र्याची असेल, कुणाला सुईची, कुणाला पोतराजाच्या आसुडाची, कुणाला नव्या शाळेची. रीत तीच. विचारा, नाव द्या, निवडा, पायऱ्या करा. कुत्र्याचं बघा. सगळी कुत्री चावतात हे खोटं. अनोळखी कुत्र्याला डिवचू नये, पिल्लं असलेल्या कुत्रीजवळ जाऊ नये, हे खरं. सुईचं बघा. "दुखणारच नाही" हे खोटं. "मुंगी चावल्यासारखं दुखेल, मी हात धरते, आपण दहा मोजू" हे खरं. एकदा खोटं सांगून टोचलं की पुढच्या वेळी लेकरू आपल्यावर विश्वास ठेवत नाही.

आणि आपणच पेरतो त्या भीतीचंही बोलू. "जेव, नाही तर बुवा येईल." "झोप, नाही तर पोलीस नेतील." "गप बस, नाही तर डॉक्टरला सांगून सुई देते." घाईच्या वेळी तोंडातून निघून जातं. त्यानं लेकरू तेवढ्यापुरतं गप्प बसतं. पण जत्रेत हरवलं तर ते पोलिसापासूनच लपेल. कुत्रं चावलं तर सुईच्या भीतीनं घरी सांगणारच नाही. आणि कुत्रं चावल्यावर लपवणं म्हणजे जिवाशी खेळ. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवावी लागते, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करावी लागते. पूर्वीसारखी पोटात चौदा इंजेक्शनं आता नसतात. पण रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचवणं डॉक्टरांच्याही हातात राहत नाही. म्हणून ज्यांच्याकडं मदतीसाठी धावत जायचं, त्यांचीच भीती लेकराला घालू नका.

आणखी एक, आणि हे नीट ऐका. प्रत्येक भीती घालवायची नसते. लेकरू एखाद्या ठरावीक माणसाजवळ जायला भीत असेल, एखाद्या घरात, एखाद्या वाटेनं जायला नको म्हणत असेल, तर "मामा आहेत ते, जा, पाया पड" असं म्हणून ढकलू नका. तिथं थांबा. एकांतात, मायेनं विचारा. ते जे सांगेल त्यावर विश्वास ठेवा, आणि तुझी काही चूक नाही असं सांगा. तिथं भीती लेकराला राखत असते. मदत लागली तर १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर आहे, फोन फुकट लागतो.

दवाखान्यात कधी न्यायचं? महिनेन्‌महिने भीती कमी होत नसेल, जेवण-झोप उडाली असेल, शाळा सुटली असेल, बोलणं कमी झालं असेल, तर आशाताईला किंवा अंगणवाडी सेविकेला सांगा. मनाच्या दुखण्यासाठी १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर घरबसल्या बोलता येतं. ताप आला की आपण दवाखान्यात जातो, तसंच हे. यात लाजायचं काही नाही. मात्र अंगारे-धुपारे करणाऱ्या बुवाकडं पैसे आणि दिवस घालवू नका.

शेवटी, पुढच्या बैठकीपर्यंतचं काम सांगते. घरातल्या एका लेकराजवळ संध्याकाळी दहा मिनिटं बसा. हाताला काम असू द्या, शेंगा फोडा, भाजी निवडा. आणि विचारा, "तुला कशाची भीती वाटते?" मग बोलू नका, फक्त ऐका. हसू येईल, ते दाबा. राग येईल, तो गिळा. जे ऐकाल त्यातलं खरं कुठलं आणि खोटं कुठलं, ते मनात निवडा. पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की दहा मिनिटं आपण त्यावर बोलू. लेकरांची नावं न घेता.

एवढं बोलून थांबते. आभाळ भरून आलं असेल तर झाडाखालची जनावरं आधी सोडा. नमस्कार.